हक्कसोडपत्रावरची तारीख

देवेश,

तू सहीसाठी ठेवलेल्या कागदांत पाचशेचा एक स्टॅम्प पेपर आहे. त्याच्या मागे खरेदीची तारीख आहे, बारा मार्च. आई गेली एकोणीसला. बारा तारखेला ती आयसीयूत होती आणि तू "ताई, औषधं घेऊन येतो गं" म्हणून बाहेर पडला होतास.

बाकीचे कागद मृत्युपत्र कोर्टाकडून मंजूर करून घ्यायचे, प्रोबेटचेच आहेत, त्यांवर मी सह्या केल्यात. मृत्युपत्रात आईने हे घर दोघांना अर्धं-अर्धं दिलंय. स्टॅम्प पेपरवर मात्र माझं हक्कसोडपत्र निघालं. प्रयोगशाळेत लेबल वाचल्याशिवाय मी बाटलीला हात लावत नाही, पण तू पेन्सिलीने फुली मारशील तिथे न वाचता सही करत आले.

"एकाच्याच नावावर विकलं की टॅक्स वाचतो," असं तू म्हणालास. मी सीएंना विचारलं. ते म्हणाले, ज्याचा वाटा त्याचा कर, आणि वाट्याच्या पैशांतून दुसरं घर घेतलं तर मलाही सूट मिळते. हे घर विकल्यावर मी राहणार कुठे, हे तू एकदाही विचारलं नाहीस.

डब्यात घावणे आहेत. बांगड्याचं तिखलं फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे. मी कॉलेजला जातेय.

आई गेल्यापासून चार महिने तुझंच ऐकत आले. आज सकाळी तू झोपला होतास तेव्हा वकिलांना फोन लावला आणि मोठ्याने सांगितलं, "माझा अर्धा वाटा मी सोडणार नाही."

ताई