वीस किलोंची फळी

६ मार्च, सकाळी ७.००
नाव नोंदवलं. विद्यापीठ मोठं आहे, फुकट शिकवतं, प्रवेश परीक्षा नाही, वयाची अट नाही. विषय इंजिनिअरिंग मेकॅनिक्स. सात आठवडे, सगळं ऑनलाइन. पास व्हायला शंभरात साठ.

कारण लिहून ठेवते, पुढे कुणी फाटे फोडायला नकोत. लेकीला मेकॅनिक्समध्ये तेवीस मार्क पडले. शंभरात तेवीस! इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. काल जेवताना म्हणाली, आई, मी कॉलेज सोडते, सुतारकाकांच्या वर्कशॉपमध्ये काम शिकते. वर्षभर दर शनिवारी तिथे जाऊन रंधा मारते. मी समजत होते छंद आहे. मी म्हटलं, अवघड काही नसतं, बसावं लागतं. नुसती पुस्तकासमोर बसली असतीस तरी पस्तीस पडले असते. ती म्हणाली, मग तू बस.

बसते!

करार लिहिला, दोन प्रती. कलम एक: मी पास झाले तर लेक कॉलेजात राहील. कलम दोन: मी नापास झाले तर ती सुतारकाम शिकेल आणि मी चकार शब्द काढणार नाही. दोघींच्या सह्या. ह्यांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. चष्म्याचं दुकान आहे ह्यांचं, तरी एक चष्मा पुसायला इतका वेळ लागत नाही.

७ मार्च, सकाळी ८.४०
वेळापत्रक, आवृत्ती अ: रोज पहाटे पाच ते सात अभ्यास.
गजर वाजला होता, असं सासूबाईंकडून कळलं.

वेळापत्रक, आवृत्ती ब: सहा ते सात. घरात हसायला लागले, पण आमच्या कामात असंच असतं. पंपांच्या कारखान्यात बावीस वर्षं ड्रॉइंग विभाग सांभाळते आहे. ड्रॉइंगमध्ये बदल झाला की बदललेल्या जागेभोवती ढग काढायचा, आवृत्तीचं अक्षर एक घर पुढे सरकवायचं, जुन्या कागदावर 'रद्द'चा शिक्का मारायचा. यात लाजण्यासारखं काही नाही. आवृत्ती जितकी पुढची तितकं ड्रॉइंग पक्कं.

९ मार्च, रविवार
पहिलं व्याख्यान झालं. एकोणीस मिनिटांचं. मला तीन तास लागले, कारण मी शब्दन् शब्द उतरवून घेतला. मथळे लाल, मजकूर निळा. प्राध्यापक मध्येच थांबून पाणी पितात तेही कंसात लिहिलं. उगाच काही सुटायला नको.

सासूबाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, किती वाळलाय गं हा माणूस, घरी कुणी करून घालत नाही वाटतं. मी म्हटलं, ते 'फोर्स' म्हणजे बल समजावून सांगतायत. त्या म्हणाल्या, अंगात आहे का पण त्याच्या?

लेक दारातून वही बघून गेली. म्हणाली, अक्षर सुंदर आलंय, गणितं सोडवलीस का? गणितं शेवटी सोडवायची असतात. आधी पाया.

१३ मार्च
विद्यार्थ्यांच्या चर्चेच्या पानावर ओळख लिहिली: 'बावीस वर्षं इंजिनिअरिंग क्षेत्रात.' यात खोटं काय आहे? क्षेत्रातच आहे. लगेच एका मुलाने आडव्या तुळईवरच्या वजनाबद्दल शंका विचारली, मॅडम म्हणून. छान वाटलं. त्याला लिहिलं, ड्रॉइंगचा आवृत्ती क्रमांक तपासून पाहा.
उत्तर आलं नाही. शंका सुटली असणार.

१६ मार्च
पहिली चाचणी. दहापैकी दोन.

यंत्रणेतच दोष आहे. वीस किलो वजन, चाळीस सेंटिमीटर अंतर, किती जोराने फिरवेल असं विचारलं. मी लिहिलं आठशे. चूक म्हणे. गुणाकार तर बरोबर आहे! खाली लाल अक्षरांत: 'एकक कुठे आहे?' इतकं खुसपट काढणाऱ्या माणसांनी शिकवू नये.

(ऑफिसात काल नव्या डिझाइन इंजिनिअरचं ड्रॉइंग परत पाठवलं. मापांना एकक नव्हतं. मिलिमीटर का सेंटिमीटर, ते काय आम्ही स्वप्नात बघायचं? चांगलं सुनावलं त्याला.)

२० मार्च
चाचणी तीनदा देता येते. दुसऱ्या वेळी बरोबर उत्तरं वहीत लिहून घेतली. तिसऱ्या वेळी दहापैकी नऊ!
जेवताना जाहीर केलं. ह्यांनी भात वाढून घेतला. सासूबाई म्हणाल्या, त्या वाळक्याला खुशाली कळव. लेक म्हणाली, छान. एवढंच. मग तिने खिशातली मोजायची टेप काढली, सबंध ओढली, परत आत जाऊ दिली. असं चार-पाचदा केलं.
मी जिंकायला लागले की तिला वाईट वाटणारच. नंतर आभार मानेल.

२४ मार्च
वेळापत्रक, आवृत्ती ड. (क दोन दिवस टिकली.) आता व्याख्यानं दुप्पट वेगाने ऐकते, भांडी घासताना. प्राध्यापक चिमणीसारखे बोलतात. विषय आतून भिनतोय.

२८ मार्च
लेकीने आज विचारलं, आई, तुला हे सगळं का करायचंय? मी कराराची प्रत दाखवली. म्हणाली, ते नाही विचारलं.
मग कशाबद्दल विचारलं, देव जाणे. मला काही इंजिनिअर वगैरे व्हायचं नव्हतं कधी. शाळा संपल्यावर फॉर्म आणला होता, भरलाही होता, तो वेगळा विषय आहे. वडील म्हणाले टायपिंग शिक, शिकले. प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात: काढले, तपासले, मंजूर. बावीस वर्षांत हजारो कागद हाताखालून गेले. माझा शिक्का पाठीमागे असतो: 'प्राप्त'. शिक्क्यालाही महत्त्व असतं. शिक्का नसेल तर कागद सापडत नाही.

३ एप्रिल
मोठा गृहपाठ आला. चाळीस मार्कांचा! भिंतीवर फळी बसवायची, तिने वीस किलो पेलले पाहिजेत. ड्रॉइंग आणि फोटो पाठवायचा. तीन सहाध्यायी मार्क देणार.
हे तर माझं घरचं मैदान. लेकीने विचारलं, मदत करू? मी म्हटलं, करारात बसत नाही.

६ एप्रिल, रविवार, दुपारी ४.००
फळी बसवली. स्वयंपाकघरातली भिंत. फळीच्या मागच्या कडेतून भिंतीत चार लांब खिळे. एकदम सुटसुटीत. सासूबाई खालून वाकून बघत म्हणाल्या, अगं, हिला खालून आधार कुठाय? तिरका काहीतरी लागतो. मी त्यांना समजावलं की आधुनिक डिझाइनमध्ये आधार दिसत नाही.

सायंकाळी ५.१५
दहा-दहा लिटरचे पाण्याचे दोन कॅन ठेवले. वीस किलो बरोबर. फोटोसाठी मोबाइल काढेपर्यंत नक्कीच टिकली.

सायंकाळी ७.३०
पाणी पुसून झालं. सासूबाईंच्या चपला फ्रिजखाली सापडल्या. त्या म्हणाल्या, आता आधार दिसला असता तर बरं झालं असतं.
नोंद: फळीला ओरखडासुद्धा नाही. फळी उत्तम होती. दोष भिंतीचा.

१० एप्रिल
ऑफिसातून आले तर भिंतीवर फळी.

तीच फळी. भिंतीतली भोकं बुजवलेली. खाली लाकडाचे दोन त्रिकोण, तिरक्या आधाराचे, एकात एक खाच करून बसवलेले, बाहेरून एक खिळा दिसत नाही. वर दोन्ही कॅन, काठोकाठ. मी हात लावला. मग लोंबकळून पाहिलं, थोडंसं. हलली नाही.

ओट्यावर जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलने काढलेलं ड्रॉइंग. तपासायचं म्हणून तपासलं, सवयीने. अर्धा तास. समोरून, बाजूने, वरून. प्रत्येक माप आहे, प्रत्येकाला एकक आहे. वजन कुठून कुठे जातं त्याचे बाण. शेजारी आकडेमोड. म्हणजे हिला येतं! चूक सापडली नाही. बावीस वर्षांत असं तीनदा झालंय.
खालच्या कोपऱ्यात तीन चौकटी आखल्या होत्या. 'काढले'मध्ये लेकीचं आद्याक्षर. 'तपासले' रिकामी.

लेक म्हणाली, सहज केलं, आजी घसरेल म्हणून. कॉलेजात शिकलीस ना हे, मी म्हटलं. ती म्हणाली, कॉलेजात बाण शिकले. ते कुठे जातात ते काकांकडे कळलं.

१२ एप्रिल, शनिवार
गृहपाठाची शेवटची तारीख. फोटो काढला. ड्रॉइंगचाही, खालचा कोपरा सोडून.
विचारांती पाठवला. गृहपाठ म्हणजे घरी केलेला पाठ. घर माझं, भिंत माझी, लेक माझी. मन स्वच्छ आहे.
वेळापत्रक, आवृत्ती फ: आज विश्रांती.

२४ एप्रिल
निकाल! चाचण्या वीसपैकी बारा. अंतिम परीक्षा चाळीसपैकी अकरा (प्रश्नांची भाषा क्लिष्ट). फळी चाळीसपैकी एकोणचाळीस. एकूण बासष्ट. उत्तीर्ण!!

तपासणाऱ्यांपैकी एकाने लिहिलंय: 'मॅडम, खाचेचं काम अप्रतिम. तुम्ही सुतार आहात का?'

जेवताना जाहीर केलं. लेकीने ऐकून घेतलं. मला वाटलं आता फळीवरून भांडेल. उत्तर तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, जिंकलीस आई. उठली, ताट घासून ठेवलं. म्हणाली, सोमवारी कॉलेजचा फॉर्म भरते. फळीचं नाव काढलं नाही.
सासूबाई म्हणाल्या, फळी नातीने ठोकली, पास सून झाली. ह्यांनी चष्मा पुसला.

२६ एप्रिल, शनिवार
आज ती वर्कशॉपला गेली नाही. दुपारी सुतारकाकाच आले, तिचा ॲप्रन आणि कानाला लावायची पेन्सिल घेऊन. म्हणाले, राहिलं होतं हिचं. त्यांना पाणी दिलं. पाणी प्यायचं सोडून फळीखाली जाऊन उभे राहिले. खाचेवरून अंगठा फिरवला.
मी म्हटलं, छान शिकवलंत.
ते म्हणाले, वहिनी, हा सांधा मी नाही शिकवला. मला नाही येत असा. मी आपला स्क्रू मारतो. कुठून काढलं पोरीने?
मी म्हटलं, घराण्यात आहे.
ते बरं म्हणाले आणि गेले. पाणी तसंच राहिलं. आतल्या खोलीत लेक पुस्तकासमोर बसली होती. मी सांगितलं होतं तशी, नुसती बसली होती. पान पाऊण तास तेच होतं.

२७ एप्रिल, रविवार
कपाट आवरलं. मेकॅनिक्सच्या वह्या अकरा झाल्या. लाल मथळे, निळा मजकूर. चाळून पाहिलं. एकाही पानावर सोडवलेलं गणित नाही. अक्षर मात्र शेवटपर्यंत एकसारखं आहे. हे आजकाल कुणाला जमत नाही.

दुपारी विद्यापीठाला ईमेल लिहिली. चार आवृत्त्या झाल्या. पाठवली ती सगळ्यात लहान: 'फळी माझी नाही. ड्रॉइंगही नाही. जिचं आहे तिला विचारलं नव्हतं.'
यात कुणाच्या दबावाचा प्रश्न नाही. ड्रॉइंग विभागाची शिस्त म्हणून केलं. दुसऱ्याचा कागद आपल्या नावावर चढवला तर मी ऑफिसात कुणालाही सोडत नाही.

२८ एप्रिल, सोमवार, सकाळी ७.५०
उत्तर आलं, तत्पर लोक आहेत. प्रामाणिकपणाबद्दल आभार, गृहपाठाचे मार्क शून्य.

लेक फॉर्म घेऊन निघाली होती, बूट घालत होती. तिला थांबवलं. कराराची प्रत काढून कलम दोनवर बोट ठेवलं. म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, यंत्रणेने फेरतपासणी केली.
ती बघत राहिली. एका पायात बूट. मग विचारलं, आई, किती पडले? मी म्हटलं, करारात मार्क सांगण्याचं कलम नाही.

कॅलेंडरच्या मागचं ते ड्रॉइंग काढलं. पेन घेतलं, काळं, ऑफिसचं. 'तपासले'च्या चौकटीत सही केली. पहिल्यांदाच करत होते, चौकटीबाहेर गेली थोडी. लेक म्हणाली, आई, ढग काढ आता भोवती. आणि हसायला लागली. आणि मग ते हसणं राहिलं नाही. ॲप्रन खुंटीवर होता, तो घेऊन डोळे पुसले तिने. सगळा भुसा तोंडाला. तशीच गेली काकांकडे.
मी चकार शब्द काढला नाही. कलम दोन.

सकाळी ८.२०
वेळापत्रकाच्या सर्व आवृत्त्यांवर 'रद्द'. अकरा वह्या फळीवर ठेवल्या. पेलतेय.

अंतिम निकाल, फक्त नोंदीसाठी. चाचण्या बारा, फळी शून्य, परीक्षा अकरा. एकूण तेवीस.
पण माझे तेवीस नोकरी सांभाळून आहेत.