कागद गुंडाळलेल्या बाटल्या

रविवार, ९ मार्च, दुपार

प्रिय बाळ,

आशीर्वाद. मी ठीक आहे, गुडघा आपला त्याच्या मर्जीने चालतो. तुझं बिअर-वेफर्सचं खोकं पोचलं. एकही बाटली फुटली नव्हती, तरी खात्री होईपर्यंत मी ते न्हाणीघरात ठेवलं होतं. झाकणं उघडताना तोंडापुढे टॉवेल धरला. गॅसचा काय भरवसा!

तुमच्या कंपनीत माणसं पगार घेऊन असल्या चवी काढतात, हे मला अजून खरं वाटत नाही. तू "चव कळवा" एवढंच लिहितोस, म्हणून कळवतो.

काकडीची बिअर प्यायल्यावर ओल्या भिंतीला गाल लावल्यासारखं वाटतं. गुलाबाचे वेफर्स खाताना आधी वाटलं, चुकून साबण चावला. तिसऱ्यापासून मात्र हात थांबेना. आणि ती धुराची बिअर! घोट घेतला आणि खोलीतलं ऊन लांब कुठेतरी गेलं. शेकोटीपासून कुणी नुकतंच उठून जावं आणि बसायची जागा अजून गरम असावी, तशी ती चव. पडदा हलत होता. ग्लासातून आलेलं ऊन टेबलावर तपकिरी होऊन पडलं होतं. आम्ही दोघांनी ती बाटली पुरवून पुरवून संपवली.

दोघं म्हणजे मी आणि शेजारी. मागे लिहिलं होतं ना, शेजारी येतो म्हणून. त्याची रीत अशी, की आधी तू गुंडाळून पाठवलेला कागद बाटल्यांना परत गुंडाळायचा. नाव वाचायचं नाही. डोळे मिटायचे, घोट घ्यायचा आणि मग काय वाटलं ते सांगायचं.

मी म्हणतो, "अहो, मुदत तरी बघू द्या. पोट बिघडलं म्हणजे?"

"तुमच्या पोटाचीच मुदत कधीची संपलीय," तो म्हणतो. "प्या गुपचूप."

त्याला चवी रंगात दिसतात. काकडीला म्हणाला, "फिकट पोपटी, रंगाचा एकच हात." धुराला म्हणाला, "हा रंग डब्यात मिळत नाही. भिंत जुनी झाली की आपोआप येतो."

आता तू ओळखलंच असशील. घरं रंगवण्यात जन्म गेलेला माणूस आपल्या माहितीत एकच. शेजारी कसला, दोन बस बदलून येतो. तुझे सासरे आहेत. होते. कसं लिहायचं ते कळत नाही, मी चौथीपर्यंत शिकलेला.

त्या घराशी संबंध नको, असं तू बजावलं होतंस आणि मी हो म्हटलं होतं. पण तुमचा घटस्फोट झाला त्या दिवशी आम्ही दोघं म्हातारे कोर्टाच्या पायऱ्यांवर मागे राहिलो. मी विचारलं, "आता तुम्हाला काय म्हणायचं?"

"आजवर काय म्हणत होता?"

"व्याही."

"मग लागलेलं वळण कशाला मोडता?"

काल तो धुराची बाटली नुसती हातात धरून बसला होता. मग म्हणाला, "पोरीचं लग्न ठरलंय, पुढच्या महिन्यात. मुलगा चष्म्याच्या दुकानात आहे, भला वाटतो. ती म्हणते, बाबांनी यायलाच पाहिजे."

"तुम्ही जाणारच की."

"मला ती अप्पा म्हणते," तो म्हणाला. "बाबा तुम्हाला म्हणते."

मी खाली वाकून वेफर्सचा चुरा गोळा करत बसलो.

त्याला म्हटलं, मुलाला विचारून सांगतो. म्हणून हे पत्र. पण लिहिता लिहिता कळलं, मी विचारत नाहीये, सांगतोय. मी जाणार आहे. तू रागावशील, खोकी बंद करशील. तेवढं करू नकोस. बाटल्यांना कागद कसा गुंडाळलायस, त्यावरून मला तुझी खुशाली कळते. या वेळचा घाईत गुंडाळलेला होता. वेळेवर जेवतोस ना?

जमलं तर धुराची एक जास्त पाठव. तिच्या घरी नेईन. कुणाकडची ते सांगणार नाही, कागद गुंडाळूनच देईन.

तुझा, आणि तिचाही,
बाबा