रानातला राजा आणि उघडं फाटक

मेडोरा, नॉर्थ डकोटा
३ सप्टेंबर १९८६

ती. गुडरूनताईस, धाकट्या अर्विडचा शि. सा. न. वि. वि.

निवृत्तीनंतर कॅमेरा घेऊन काय दिवे लावलेस, असं विचारलं होतंस ना? हा घे फोटो! इथल्या नॅशनल पार्कात रानटी घोड्यांचा राजा दिसला. करडा, माजलेला, मागे तीन घोड्या. कॅमेऱ्याकडे असा रोखून बघत होता! अख्खा रोल त्याच्यावरच संपवला. जत्रेतल्या स्पर्धेला हाच फोटो दिलाय.

तुझा बस्टर अजून सापडला नाही, हे वाचून वाईट वाटलं. पण वाऱ्याने फाटक उघडलं, त्याला कोण काय करणार? वीस वर्षांचा म्हातारा घोडा तो. आता आशा सोड.

लोभ आहेच, तो फोटो पाहून वाढावा.

अर्विड

८ सप्टेंबर

चि. अर्विडास अ. आ.

तुझा राजा पाहिला. तो माझा बस्टर आहे, गाढवा! डाव्या पुठ्ठ्यावर बाबांच्या रँचचा डाग दिसतोय. रानटी घोड्याला डाग कोण देतो? आणि माजलेला कसला? त्याला खच्ची केला तेव्हा दोर तूच धरला होतास. मला त्या तिघींची दया येते.

हसून झाल्यावर मात्र रडले. हे गेल्यापासून घरात बोलायला तेवढाच होता रे. शनिवारी ट्रेलर घेऊन येते. तोवर त्याच्यावर नजर ठेव, कॅमेऱ्यातून नको, डोळ्यांनी.

तुझी ताई

१५ सप्टेंबर

ती. ताईस, शि. सा. न.

दोघं नीट पोचलात ना? पार्कवाल्या बाई डागाचे कागद दोनदा तपासत होत्या, तेव्हा जीव टांगणीला लागला होता. पण तू कॉफीच्या डब्यात ओट खुळखुळवलेस आणि राजेसाहेब राण्यांना सोडून टेकडीवरून धावत आले, डब्यात तोंड घालून उभे! पर्यटक पटापट फोटो काढत होते. मी एकही काढला नाही, डोळे भरले होते. स्पर्धेतून नाव मागे घेतलंय.

ताई, वारा नव्हता. पहाटेचे फोटो काढायला तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा फाटक मीच उघडं टाकलं. रँचवर वाढलेल्या माणसाने! तीन महिने सांगायची हिंमत झाली नाही. क्षमा कर.

तुझा अर्विड

२० सप्टेंबर

चि. अर्विडास अ. आ.

ठाऊक होतं. फाटकापाशी फिल्मची रिकामी डबी सापडली होती, आणि आपल्याकडच्या वाऱ्याला फोटोचा नाद नाही. शेजारीपाजारी मात्र मी वारा असंच सांगितलंय. खरं कळलं असतं तर तुला इथे कुणी कॉफीसुद्धा पाजली नसती.

नाताळला बटाट्याची लेफ्सा पोळी खायला ये. बस्टरही वाट बघतोय.

येताना फाटक लाव.

ताई