पेटीखालचं पाणी

९ सप्टें. २००७, मळमड्डी
पोराचा, निखिलचा, कॉम्प्युटर दुपारी तापून पुन्हा बंद. आता पाण्यानं थंड करायची खटपट. बेलूरच्या कारखान्यातल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं आतल्या चिपवर बसवायला तांब्याचा ठोकळा करून दिला. पाणी निववायची जाळी, म्हणजे रेडिएटर, मी हुबळीच्या भंगारबाजारातून आणली. मोटारीची, ॲल्युमिनियमची.
नि. म्हणाला, "अप्पा, तांब्याचीच मागवू की. थांबतो मी."
"काही होत नाही. केमिस्ट्री तू शिकवतोस की मी?"
मग त्यानंच नळ्या जोडल्या.

१८ सप्टें.
झकास चालतंय! नि.ची कार्टूनफिल्म जोरात. दसऱ्यानंतर बेंगळूरच्या स्टुडिओत दाखवायची, नोकरीसाठी. वर्षभराचं काम त्या एका डिस्कवर. मी घरभर भाव खाल्ला.

२० ऑक्टो., खंडेनवमी
नळीतलं पाणी दुधट झालंय. नि.ला खोलून बघायचं होतं. सुमा म्हणाली, "अय्य, आज आयुधपूजा! पुजलेलं यंत्र उद्यापर्यंत उघडू नये." मीही बायकोचीच री ओढली. हळदकुंकू, झेंडू, वर पाणी शिंपडलं.

२१ ऑक्टो., दसरा
सकाळी कॉम्प्युटरच्या पेटीखाली ओल.
"पाणी कशाचं, अप्पा?"
"पूजेचं रे, दुसरं कशाचं?" मीच पुसलं. "लाव, मुहूर्त आहे."
बटण दाबलं. चट् आवाज, जळका वास. जाळीला भोक पडून रात्रभर पाणी डिस्कवर...
तांबं, ॲल्युमिनियम, मध्ये पाणी. म्हणजे विजेचा सेल. ॲल्युमिनियम खाल्लं जाणारच. दरवर्षी फळ्यावर काढून शिकवतो मी हे. लाज वाटते.

२४ ऑक्टो.
हुबळीच्या कॉम्प्युटरवाल्या दुकानदारानं, काही जमणार नाही म्हणून, डिस्क हातात परत ठेवली. "आगंगिल्ल री, सर."
नि.नं बॅग भरली. ओरडला असता तर बरं झालं असतं. रिकाम्या हातानंच बेंगळूरला गेला.

११ नोव्हें.
दिवाळीला आला नाही. फोन सुमालाच. स्टुडिओनं घेतलं नाही, कुठल्याशा कॉल सेंटरात लागलाय.
"माझं काही विचारलं?"
"अप्पांचा खोकला कसा आहे, म्हणाला."
मागल्या अंगणात जाऊन रडलो.

१७ नोव्हें.
बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणारा एक जण बेंगळूरला आहे म्हणे. निघेलच असं नाही. डिस्क जुन्या धोतरात गुंडाळून पिशवीत ठेवली. उद्याच्या गाडीनं निघतो.
सुमा म्हणते, "आधी फोन तरी करा की." केला तर नको म्हणेल.
आधी त्या माणसाकडे जाऊ की नि.कडे? डिस्कमधून काही निघालं नाही, तर मग पोराच्या दारात उभं राहायचा धीर होणार नाही. म्हणजे आधी नि.कडेच. पण जाऊन म्हणायचं काय...