पैलवानाला दुप्पट

मु. धानोरा, पौष वद्य पंचमी, शके १८५९

राजमान्य राजश्री सुकलाल दाजी यांस मेहुणा नवल याचा रामराम. इकडे सगळे खुशाल (मी मरता मरता खुशाल आहे, ते पुढे येईलच). आक्काचे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का?

तुमचं पत्र पोचलं. दोधूचा अंतर्गळ सोमवारी दवाखान्यात कापून घेणार, आणि 'पोरगं अगदी मामावर गेलंय, पोटऱ्या काय भरल्यात!' असं तुम्ही कौतुकानं लिहिलंत. ते वाचून मी पत्र चुरगाळलं, उलगडून पुन्हा वाचलं आणि पुन्हा चुरगाळलं. अहो, या पोटऱ्यांनीच माझं वाटोळं केलंय! सासऱ्यांनी सारंगखेड्याच्या जत्रेत घोडा पारखावा तशा त्या दाबून पाहिल्या आणि मुलगी दिली. जावई हात टेकल्याशिवाय ओट्यावर चढत नाही हे मागून कळलं, तर म्हणे आळशी आहे! आळशी? खाली बसलो तर आपल्याच मांड्यांवर हात टेकत टेकत मला वर यावं लागतं, आणि हे लोक कुस्त्यांचा पंच म्हणून बोलवायला माझ्याच दारी येतात.

गेल्या महिन्यात मांडीत खोल गळू झालं, म्हणून नंदुरबारला नेलं. डॉक्टर हात धूत होते आणि क्लोरोफॉर्म द्यायला होता चुनीलाल कंपाउंडर. त्यानं धोतर सारलं, पोटऱ्या पाहिल्या आणि ओरडला, "हाऊ ते पैलवान शे! याले दुप्पट लागी!" अरे बाबा, मला टेबलावर तिघांनी चढवलं, पैलवान कसला, असं मी सांगतोय तोवर तोंडावर फडकं आलं. आधी बोलणं गेलं, मग शुद्ध गेली, मग श्वासही गेला. डॉक्टरांनी माझे हात वरखाली करकरून तो परत आणला. डोळे उघडले तर चुनीलाल म्हणतो कसा, "नजर लागनी!"

नजर! माझा नि आक्काचा लोटनमामा मुतखड्यासाठी असाच टेबलावर झोपला तो उठलाच नाही, तेव्हाही गावानं हेच म्हटलं. एकालाही वाटलं नाही, की एवढ्या पोटऱ्यांचा माणूस जिना का चढत नव्हता ते विचारावं. आग लागो त्या नजरेला आणि तुमच्या मीठमोहऱ्यांना!

डॉक्टरांनी मात्र विचारलं. जमिनीवर बसवून मला उठायला लावलं. माझी ती कसरत पाहून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, या पोटऱ्यांत ताकद नाही, चरबी आहे. हा स्नायूंचा रोग, छाती आणि काळीजही त्यात आलं, अशा माणसाला क्लोरोफॉर्म म्हणजे विष. गळू त्यांनी दुसऱ्या दिवशी सुई टोचून, तेवढीच जागा बधिर करून कापलं. मी पूर्ण जागा होतो आणि चुनीलालला शिव्या देत होतो.

आपला,
नवल

ता. क. दोधूला जमिनीवर बसवा आणि काही न धरता ऊठ म्हणा. मांडीवर हात टेकून उठला, तर सोमवारी गाडी जुंपू नका. आधी त्याला माझ्या डॉक्टरांकडे आणा. तुम्हाला राग आला तर येऊ द्या.

ता. क. आणखी एक. आक्काला पत्र वाचून दाखवाल तेव्हा हे वाचू नका. डॉक्टर म्हणतात, हा रोग पोराला आईकडून येतो. आई धडधाकट असते, तिला ठाऊकही नसतं. वर नजरेबद्दल जे बरळलो तेही गाळा. दोधूनं हात टेकलाच आणि आक्कानं विचारलं असं का झालं, तर नजर लागली म्हणून सांगा. नवलही तेच म्हणतो म्हणावं. मीठमोहऱ्या ओवाळू द्या तिला.