सत्तर टक्के सॅटिव्हा आणि डावा गुडघा

पार्सिपनी, रविवार

ती. ताईस,
प्रतापचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या तो मनातल्या मनात). इकडे पद्मिनी, रुही आणि मी ठीक आहोत. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असेल, अशी आशा आहे. सहा वर्षं आपण एकमेकांना दर दिवाळीला फक्त पणतीचा फोटो पाठवतोय, त्यामुळे हे पाकीट बघून कोणी गेलं की काय, असं तुला वाटलं असेल. कोणी गेलेलं नाही.

पत्राचं कारण असं, की गुरुवारी सकाळी मी तुला फोन केला आणि पद्मिनीच्या हिशेबाने एक तास पन्नास मिनिटं बोललो. त्यातलं मला फार थोडं आठवतं. ते का, हे आधी सांगायला हवं. (बसून वाच.)

माझा डावा गुडघा जिना चढताना दुखतो. रुही म्हणाली, "बाबा, गमीज ट्राय करा. इट्स लीगल." मला वाटलं, व्हिटॅमिनच्या जेलीसारख्या गोळ्या असतील. ती मला ज्या दुकानात घेऊन गेली ते गांजाचं दुकान होतं. ताई, इथे ते कायदेशीर आहे आणि दुकान आपल्याकडच्या चष्म्याच्या दुकानापेक्षा स्वच्छ आहे. दारावरच्या माणसाने मी एकवीस वर्षांचा आहे ना, हे माझं लायसन्स बघून तपासलं. मला एकाहत्तरावं लागलंय.

आत हिरव्या केसांची एक फार नम्र मुलगी होती. मी म्हटलं, गुडघा दुखतो. तिने विचारलं, तुम्हाला कसं वाटायला हवंय? हा प्रश्न मला आजवर एकाही डॉक्टरने विचारला नव्हता. मग तिने गांजाच्या दोन जाती समजावल्या. इंडिका म्हणजे अंग सैल पडतं, झोप येते. सॅटिव्हा म्हणजे तरतरी, गप्पा, नवनव्या कल्पना. पण निव्वळ असं काही नसतं, सगळा संकर असतो. तिच्या हातातल्या डबीत सॅटिव्हा सत्तर आणि इंडिका तीस टक्के होतं, वासाला लिंबू आणि थोडं देवदार. आणि हे सगळं माणसागणिक बदलतं म्हणे. मी चाळीस वर्षं पुलांची डिझाइन्स केली. माणसागणिक बदलणारा पूल मी कधी पास केला नसता. तीस टक्के गुडघ्यात जाणार का, हेही मी विचारलं. तिने उलट विचारलं, दिवसा घेणार की रात्री? गुडघा दिवसा दुखतो, म्हणून मी म्हटलं दिवसा, आणि तिने तीच डबी दिली. तिथेच घोळ झाला असावा.

गुरुवारी नाश्त्यानंतर त्या मुलीने सांगितल्याप्रमाणे अर्धी गोळी खाल्ली. तासभर काही झालं नाही, म्हणून उरलेली अर्धी आणि आणखी एक खाल्ली. (असं करू नका, हे डबीवर लिहिलेलं आहे. मी नंतर वाचलं.) मग गुडघा दुखायचा थांबला नाही, पण त्याचं दुखणं मला फार मनोरंजक वाटायला लागलं. मी मसाल्याचे डबे बाहेर काढून वजनाप्रमाणे लावले. शेजारच्या फ्रँकला कुंपणावरून थालीपिठाला भोक का पाडतात ते समजावलं. त्याने दोन वेळा विचारलं, आर यू ओके, प्रताप? मग मी आत येऊन तुला फोन लावला. सहा वर्षं जो नंबर नुसता बघून ठेवून देत होतो, तो माझ्या बोटांनी विचार न करता दाबला.

पुढचं तुकड्यातुकड्याने आठवतं. तू विचारलंस, "पतू, जेवलास का?" इथे सकाळचे दहा वाजले होते, तरी मी हो म्हणालो. लहानपणच्या त्या विहिरीवरच्या कासवाचं काहीतरी निघालं आणि आपण हसलो. पद्मिनी म्हणते की मी रडलोही, पण ती दाराच्या पलीकडे होती, त्यामुळे तिची साक्ष अर्धीच धरतो. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी चौदाव्या दिवशी पोचलो आणि तू दारातच म्हणालीस, "आता कशाला आलास?" त्याबद्दल आपण बोललो का, ते मात्र मला अजिबात आठवत नाही. नेमकं तेवढंच आठवत नाही, याचा गेले तीन दिवस मला त्रास होतोय. पुन्हा फोन करून विचारायची हिंमत होत नाही. म्हणून हे पत्र.

डबी रुहीला परत दिली आहे. गुडघ्याला पद्मिनी तेल लावते.

तुझा,
पतू

ता. क. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारा फेब्रुवारीला माझ्याच अक्षरात 'ताईकडे, सातारा' असं लिहिलेलं सापडलं. तू बोलावलंस की मी स्वतःच येतो म्हणालो, तेवढं कळव. तू बोलावलं असशील तर तिकीट काढतो. नसशील तरी काढतो, पण मग स्टँडजवळचं लॉज बघावं लागेल.

ता. क. २. पद्मिनीने पत्र वाचलं. म्हणाली, कासव आहे, थालीपीठ आहे, पण उशिरा आल्याबद्दल एक ओळ कुठे नाही. फोनवर बोललो असेन तर पुन्हा, नसेन तर पहिल्यांदा लिहितो: चुकलो, ताई. मला आधीच निघायला हवं होतं. हे लिहिताना पोटात फक्त उपमा आहे.