डालड्याच्या डब्यातलं लॅव्हेंडर

मुलुंड, २४ नोव्हेंबर १९७१

लॅव्हेंडरची माती आज पुन्हा ओली. सुमननं लंडनहून पत्रातून पाठवलेल्या बियांतलं हे एकच रोप जगलं. पाणी अगदी बेतानं घाल, असं तिनं तीनदा लिहिलंय. मी तर चार दिवस थेंबही घातला नव्हता. मग माती ओली कशी?

संध्याकाळी चोर सापडला. सासूबाई मासे धुतलेलं पाणी डालड्याच्या डब्यात ओतत होत्या. त्यांचा गुलाब ह्याच पाण्यावर पोसलाय ना!

"आई, ह्याला इतकं पाणी सोसत नाही हो."

"अगं, परमुलखातलं पोर ते. उपाशी कसं ठेवायचं?" मग पिवळी पानं बघून बिचाऱ्या वरमल्या. "आधी बोलायचं नाहीस का गं?"

खरंच, का नाही बोलले? ती ओली माती रोज हाताला लागत होती की.

रात्री जेवताना सुरमईचं डोकं नेहमीसारखं माझ्याच ताटात, मायेनं वाढलेलं. मला ते आवडत नाही, हे सांगायचं अकरा वर्षं राहूनच गेलंय. आजही चोखून खाल्लं.